शेवटच्या बांधावरची पिवळी टोपी

मोजणीबाईंची पिवळी टोपी नाहीशी झाली, ती नेमकी सामान बांधायच्या दिवशी सकाळी.

ट्रंकेत कपडे गेले, पुस्तकं गेली, चिखल खाऊन खाऊन जड झालेले बूट वर्तमानपत्रात गुंडाळून गेले. शेवटी टोपी ठेवायची म्हणून हात खुंटीकडे गेला, तर खुंटी मोकळी. बाईंनी खाट हलवली, चटई झटकली, स्टोव्हच्या मागे पाहिलं. मग, हरवलेली वस्तू शोधताना शहाणी माणसंही जे करतात ते केलं. ट्रंक पुन्हा उपसली.

टोपी साधीसुधी असती तर गोष्ट वेगळी होती. पण ती विद्यापीठाची होती. रुंद काठाची, हळदीत बुडवून काढल्यासारखी पिवळीधमक, आणि आतल्या बाजूला काळ्या रंगात क्रमांक घातलेली. विद्यापीठाचा भांडारपाल दिलेली वस्तू हातात पडल्याशिवाय 'काही देणे नाही' असा दाखला देत नसे, आणि तो दाखला नसेल तर प्रबंध कोणी हातात घेत नसे. पूर्वी एका विद्यार्थ्यानं भांडारातली छत्री हरवली होती. तो अजून विद्यार्थीच आहे. त्याला आता जावई आला आहे.

तेवढ्यात फोन वाजला. आई होती.

"निघालीस का?"

"आई, टोपी सापडत नाहीये."

"मग ऊन लागेल. सावलीतून ये. आणि नोकरीचं काय? ते विचारतेय मी."

"आधी प्रबंध, मग नोकरी. तीही पहिल्यांदा हंगामीच मिळते."

"हंगामी नको गं बाई. इतकी वर्षं पाणी मोजलंस, आता एखादी कायमची बघ," असं म्हणून आईनं फोन ठेवला.

इतकी वर्षं पाणी मोजलं, हे मात्र खरं होतं. त्यांच्या प्रबंधाचं नाव 'ग्रामीण विकासाच्या संदर्भात सिंचन-व्यवस्थापनातील संस्थात्मक परिवर्तन व लोकसहभाग' असं होतं. ते वाचून होईपर्यंत एखादा वाफा भिजून व्हायचा. पण आतली गोष्ट छोटी होती. या गावच्या कालव्याचं पाणी पूर्वी वरच्या शेतांतच जिरायचं. कालव्याच्या तोंडाशी पाणी सोडायचं लोखंडी दार होतं; त्या दाराजवळचे लोक पोटभर पाणी घ्यायचे आणि शेवटाकडच्या शेतांना, म्हणजे 'टेल'ला, ओल्या मातीचा वास तेवढा मिळायचा. मग गावात पाणी वापर संस्था निघाली, तिचे नियम झाले, सभा झाल्या. मोजणीबाई दर आवर्तनाला, म्हणजे पाणी सोडायच्या प्रत्येक पाळीला, टेलच्या शेवटच्या बांधावर पिवळी टोपी घालून, मोजपट्टी घेऊन उभ्या राहिल्या, आणि काय आश्चर्य! पाणी शेवटपर्यंत आलं. आवर्तनामागून आवर्तन येतच राहिलं. नियम माणसाला बदलतात, हे आकड्यांनी सिद्ध झालं. त्यांचे मार्गदर्शक सर ही गोष्ट परिषदांमधून सांगत फिरत. आजचं शेवटचं आवर्तन डोळ्यांनी बघायला आणि बाईंना जीपमधून घेऊन जायला ते स्वतः येणार होते.

टेलच्या बायकांनी तर बाईंवर गाणं रचलं होतं. खुरपताना एक म्हणायची, बाकीच्या उचलून धरायच्या:

बाई उभी गं बांधाला, टोपी पिवळी डोईला,
तिला बघून गं बाई, लाज वाटली पाण्याला,
लाजत लाजत आलं, माझ्या शेवटच्या वाफ्याला.

बाईंना हे गाणं फार आवडलं होतं. त्यांनी ते प्रबंधाच्या परिशिष्टात, 'करमणूक' या मथळ्याखाली घातलं होतं.

"काकू!" त्यांनी ओसरीवर येऊन हाक मारली.

काकू म्हणजे घरमालकीण. त्यांचं शेत टेलच्याही टेलला, जिथे कालवा दमून बसतो तिथे. त्या दाराशी बसून सुतळीचा गुंता सोडवत होत्या.

"काकू, माझी टोपी पाहिलीत?"

"टोपी? कुठली टोपी?"

"अहो, कुठली काय? माझी! पिवळी! रोजची!"

"ती होय," काकू सुतळीकडे बघत म्हणाल्या. "वारं सुटलं होतं गं पहाटे."

"घरात?"

"अगं, वाऱ्याला काय, घर न् दार. तू असं कर, एवढ्या घाईनं जाऊच नकोस. राहा की चार महिने. सापडेल निवांत."

बाईंचे डोळे भरून आले. किती जीव लावतात ही माणसं! त्या तशाच उघड्या डोक्यानं संस्थेच्या कार्यालयात गेल्या.

कार्यालयात अध्यक्ष बसले होते. अध्यक्षांचं शेत कालव्याच्या अगदी तोंडाशी. दाराची किल्ली त्यांच्याकडे, आणि मिशी अशी की किल्ली हरवली तरी दार उघडावं. त्यांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत सरळ बसले.

"म्हणजे लाभक्षेत्रात, कालव्याखालच्या शिवारात, वस्तू गहाळ झाली."

"हो, पण एवढं काही..."

"बाई, नियम तुम्हीच समजावलेत आम्हाला. लाभक्षेत्रातला कुठलाही प्रश्न तोंडी मिटवायचा नाही. सभेपुढे आणायचा."

"अहो, पण टोपी..."

"सभा!" अध्यक्षांनी बाहेर बघून आवाज दिला.

सभा भरली. एरवी गणसंख्येसाठी माणसं घरोघरून ओढून आणावी लागत. आज टेलचे सगळे आधीच पारावर येऊन बसलेले. बाईंना याचंही कौतुक वाटलं. 'लोकसहभागात वाढ,' त्यांच्या मनानं नोंद केली.

"विषय, बाईंची टोपी," अध्यक्ष म्हणाले.

"हरकत आहे," टेलचा एक पागोटेवाला उठला. "टोपी खाजगी का सार्वजनिक, ते आधी ठरवा."

"विद्यापीठाची आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणजे सरकारी."

"एका अर्थी."

"मग शोधायला वरून परवानगी लागेल."

"अहो, मला संध्याकाळी जायचंय!"

"उपसमिती नेमू," दुसरा म्हणाला. "वरचे, मधले, टेलचे, महिला, सगळे त्यात घेऊ. बाईंनीच सांगितलंय, प्रतिनिधित्व पाहिजे. पुढच्या हंगामापर्यंत अहवाल येईल."

"पुढच्या हंगामापर्यंत?"

"घाईघाईनं घेतलेले निर्णय टिकत नाहीत. हेही तुम्हीच सांगितलंय."

सगळ्या टेलनं माना डोलावल्या. इतक्या एकमतानं की वाऱ्यावर पीक डोलावं. बाई हतबल होऊन पाहत राहिल्या. एवढ्या वर्षांत लावलेली रोपटी आज फळाला आली होती, आणि सगळी फळं त्यांच्याच डोक्यावर पडत होती.

"हे बघा," अध्यक्ष म्हणाले, "बाईंना उगाच अडवू नका. मी माझ्या पदरची नवी टोपी देतो. पांढरी. सामानही माझी माणसं उचलतील. बाईंनी खुशाल जावं."

"का हो, तुम्हाला का एवढी घाई त्यांची?" पागोटेवाल्यानं विचारलं.

"घाई कसली? पाहुण्यांचं सामान उचलणं ही माणुसकी आहे."

"पाहुण्याला थांबवणं ही जास्त माणुसकी आहे!"

तिथून पुढे सभा माणुसकीवर गेली आणि माणसं हमरीतुमरीवर आली. उपसमितीत महिला किती यावर मत घ्यायचं ठरलं. पण मत हात वर करून घ्यायचं की चिठ्ठीनं, यावर मत कसं घ्यायचं हे ठरेना. बाई हळूच उठल्या आणि बाहेर पडल्या. जाता जाता एक गोष्ट मात्र त्यांच्या मनात खड्यासारखी रुतली. वरच्यांना त्या जायला हव्या होत्या. टेलच्यांना राहायला हव्या होत्या. प्रेमाचं हे वाटप लाभक्षेत्राच्या नकाशाशी इतकं तंतोतंत कसं जुळलं?

त्या विचारातच पाय सवयीनं शेवटच्या बांधाकडे वळले. ऊन चढलं होतं. डोक्यावर ओढणी घेऊन बाई पाटाच्या कडेनं चालू लागल्या आणि थबकल्या. पाटात पाणी होतं. नुसतं नव्हतं, भरून होतं. लहान मुलानं शाळा सुटल्यावर धावावं तसं, दगडाला टप्पल मारत, गवताच्या वेण्या सोडत, टेलकडे धावत होतं. सभेला जायच्या आधीच अध्यक्षांनी दार उघडलं असावं. आज तर बाई मोजायला येणार नव्हत्या. म्हणजे त्यांच्यावाचूनही पाणी येतं! नियम रुजले! बाईंचा ऊर अभिमानानं भरला. त्यांनी मान वर केली, आणि शेवटच्या बांधावर त्यांना स्वतः मोजणीबाईच उभ्या दिसल्या.

पिवळी टोपी. निळा जुना कोट, जो त्यांना गेल्या महिन्यापासून सापडत नव्हता. हातात मोजपट्टी. मान किंचित खाली, कामात गढलेली. बाईंना क्षणभर वाटलं की आपण तिथे आहोत, तर मग इथे कोण आलंय?

"अगं, खाली बस! खाली बस आधी!" बांधाआडून काकूंचा हात आला आणि त्यांनी बाईंची ओढणी धरून त्यांना खाली ओढलं. काकू परसदारानं कधीच पुढे निघून आल्या होत्या. दुसऱ्या हातात सुतळीचं टोक होतं. सुतळी गवतातून जाऊन त्या दुसऱ्या बाईंच्या कोपराला बांधलेली.

"काकू! हे काय?"

"हे म्हणजे तू," काकू म्हणाल्या. "पेंढ्याची. नाक जरा चुकलंय."

"पण कशासाठी?"

"संध्याकाळी तू जाणार. मग पाणीही जाणार. म्हटलं तू सामान बांधतेयस, तोवर करून बघावं. चालतंय का."

"पाणी कसं जाईल? संस्था आहे, नियम आहेत!"

काकूंनी बाईंकडे अशा मायेनं पाहिलं, जशी आपण चंद्र मागणाऱ्या मुलाकडे पाहतो.

"पोरी, मागच्या थंडीत तू तापानं पडली होतीस. तेव्हा किती आलं होतं पाणी?"

"तेव्हाची... तेव्हाची मोजणी नाहीये. मी आजारी होते."

"मोजायला पाणीच नव्हतं. नियम होते तेव्हाही. सभाही झाली होती. टोपी तेवढी नव्हती."

बाईंनी बांधाआडून वर, कालव्याच्या दाराकडे पाहिलं.

"वरून अध्यक्षांना पिवळा ठिपका दिसतो," काकू सांगत होत्या. "बाई उभी आहे, लिहितेय. काय लिहितेय कोणास ठाऊक! कुणाच्या नावानं लिहितेय, कुठे छापून येईल! मग दार बंद करायला हात धजत नाही. आम्ही तर गाण्यातच घातलंय की ते. तू उतरवून नेलंस, मला वाटलं तुला कळलं."

बाईंना गाणं आठवलं. तिला बघून गं बाई, लाज वाटली पाण्याला. सगळा निष्कर्ष परिशिष्टात बसून होता, करमणूक म्हणून. त्या ज्याला संस्थात्मक परिवर्तन म्हणत होत्या, ते त्यांनीच डोक्यावर घातलं होतं.

एवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"अगं, पोचलो मी!" सर उत्साहानं ओरडले. "इथे कालव्याच्या दाराशीच आहे, अध्यक्षांना सभेतून उठवून आणलंय. आणि तुला पाहतोय! वा! शेवटच्या दिवशीसुद्धा बांधावर! अध्यक्ष म्हणाले तुझी टोपी हरवलीय, पण सापडलेली दिसते. हात कर बघू!"

बाईंनी फोनवर तळवा ठेवला. "काकू, सर हात करायला सांगताहेत."

काकूंनी सुतळी ओढली. पेंढ्याच्या बाईंनी हात केला. जरा जास्तच जोरात केला.

"छान! किती उत्साह!" सर म्हणाले. "अध्यक्ष विचारताहेत, दार अजून उघडू का? उघडायचं असेल तर पुन्हा हात कर."

"ओढा, काकू."

काकूंनी ओढली. हात वर गेला, क्षणभर आभाळाकडे बोट दाखवत राहिला, आणि मोजपट्टीसकट निखळून पाटात पडला.

"अगं, काय पडलं ते?"

"पट्टी, सर! पट्टी पडली!"

"मग उचल की! वाहून जाईल!"

बाई आणि काकूंनी एकमेकींकडे पाहिलं. पेंढ्याच्या बाई ढिम्म उभ्या होत्या. हात वाहत निघाला होता.

"ही अशी," सर तिकडे कौतुकानं सांगत असलेले ऐकू आले. "कामात असली की तिला आजूबाजूचं भानच राहत नाही. थांब गं, आम्हीच येतो तिकडे!"

उभं राहावं तर सर्वांसमक्ष दोन मोजणीबाई होणार. अध्यक्षांना पेंढा कळणार. उद्या दार बंद होणार आणि काकूंच्या शेतात पुन्हा ओल्या मातीचा वास तेवढा येणार. न उभं राहावं तर सर येऊन पेंढ्याला शाबासकी देणार. बाईंनी डोळे मिटून घेतले. फोनमधून अध्यक्षांचा जाड आवाज आला.

"कशाला सर, तिकडे चिखल आहे गुडघाभर. बूट जातील तुमचे. इथे चहा झालाय. थंड होईल."

"बूट नवे आहेत खरे," सर म्हणाले. "बरं, मग तूच ये गं सावकाश. आम्ही चहा घेतो."

फोन बंद झाला. शेवटच्या वाफ्यातली माती पाणी पिताना बारीक बारीक बुडबुडे सोडत होती, बाळानं दूध पिताना सोडावेत तसे.

काकू उठल्या. त्यांनी वाकून, बांधाच्या आडोशानं जाऊन पेंढ्याच्या डोक्यावरची टोपी काढली आणि बाईंपुढे धरली.

"घे. तुझी पदवी अडलीय ना हिच्यापायी. मी वेड्यासारखी करून बसले. आम्हाला काय, आम्हाला सवय आहे."

बाईंनी टोपी हातात घेतली. आतला काळा क्रमांक पाहिला. छत्री हरवलेल्या विद्यार्थ्याचा जावई त्यांच्या डोळ्यांपुढून गेला, आईचा आवाज कानावरून गेला. मग त्या गुडघ्यांवर रांगत गेल्या, टोपी पुन्हा पेंढ्यावर चढवली, नाडी हनुवटीखाली, म्हणजे हनुवटी असायला हवी होती तिथे, बांधली आणि निखळलेला हात पाटातून काढून जागच्या जागी खोचला.

"काकू," त्या म्हणाल्या, "हिला हात करायला लावू नका. मी कधी करत नव्हते."

आडवाटेनं घरी येऊन बाईंनी चेहरा धुतला. जीप अध्यक्षांनाही घेऊन घराच्या दाराशी आली होती. सभा अजून चालूच होती. आता टोपी शोधायला परवानगी मागणाऱ्या पत्राचा मसुदा कोणी करायचा यावर मतमोजणी होती. सर पुढच्या सीटवर बसून बूट न्याहाळत होते.

"टोपी कुठे आहे गं?"

"तिकडेच राहिली, सर."

"वेंधळी आहेस. भांडारपाल सोडणार नाही तुला."

ट्रंक अध्यक्षांनी स्वतः उचलून मागे ठेवली. दोरीची गाठ मारता मारता ते बाईंजवळ वाकले आणि सरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "बाई, तिची नाडी घट्ट बांधलीत ना? तिकडे वारा फार असतो."

बाईंनी झटकन मान वळवली. "तुम्हाला कळलं?"

"इतके हंगाम तुम्ही तिथे उभ्या. एकदा तरी हात केलात का मला? नमस्काराला उत्तर द्यायला मान वर केली नाहीत कधी. आज एकदम हात, तोही खांद्यापासून! तेव्हाच म्हटलं, ही आपली बाई नव्हे."

"मग दार का नाही बंद केलंत?"

अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवला. पहिल्यांदाच ती मिशी बाईंना जरा थकलेली वाटली.

"टेलवाल्यांनी मागितलं म्हणून पाणी सोडलं, असं म्हटलं तर माझे भाऊबंद मला उभा करणार नाहीत. बाई उभ्या आहेत म्हटलं की सगळे गप्प. मीसुद्धा. आता इतक्या दिवसांची सवय झाली हो, गप्प बसायची. ती मोडायची म्हणजे पुन्हा रोजची भांडणं आली." त्यांनी गाठ ओढून पाहिली. "तुम्ही फक्त काकूंना सांगू नका मला कळलंय म्हणून. त्यांना तेवढी चोरी करू द्या."

जीप निघाली. वळणावर बाईंनी मागे पाहिलं. हिरव्या पट्ट्याच्या पार टोकाला एक पिवळा ठिपका होता, स्थिर, कर्तव्यदक्ष, मान खाली. बाईंनी त्याला हात केला. त्यानं अर्थातच केला नाही.

पुढे प्रबंधाचं शेवटचं प्रकरण फाडून नव्यानं लिहिलं गेलं. त्यात गावाचं नाव काढून टाकलं, अध्यक्षांची मिशी गाळली, आणि परिशिष्टातलं गाणं उचलून पहिल्या पानावर ठेवलं. सरांनी "टोपीला संदर्भ कुठला द्यायचा?" असं तीनतीनदा विचारलं आणि अखेर, आपण हे आधीपासूनच म्हणत होतो, असं परिषदेत सांगायला सुरुवात केली.

राहिला भांडारपाल. त्याच्या खिडकीपुढे मोजणीबाई उभ्या राहिल्या तेव्हा त्यानं जुनाच प्रश्न विचारला.

"टोपी?"

"नाही आणली."

"हरवली?"

"नाही."

"फाटली?"

"नाही." खोटं सांगायचं म्हणून रात्रभर पाठ केलेलं सगळं बाई आयत्या वेळी विसरल्या. "ती... नोकरीला लागली."

भांडारपालानं चष्मा कपाळावर चढवला. इतक्या वर्षांत त्यानं वस्तू हरवल्याची, चोरीला गेल्याची, उंदरांनी खाल्ल्याची कारणं ऐकली होती. पण भांडारातल्या कुठल्या वस्तूनं असं नाव काढलेलं त्याच्या ऐकिवात नव्हतं. त्यानं शिक्का उचलला, शाईत टेकवला आणि हवेतच थांबवला.

"हंगामी की कायम?"

"कायम," मोजणीबाई म्हणाल्या, आणि शिक्का उमटत असताना त्यांना आपल्याच टोपीचा हेवा वाटला.